वाय-फाय ड्रायव्हरचा पॅच समोर आला, आता वाचायचं कुठून?

‘सी येते, कर्नलचा कोडही थोडाफार वाचलाय. पण वाय-फाय ड्रायव्हरचा पॅच तपासायला दिला की इंडेंटेशन आणि व्हेरिएबलची नावं यापलीकडे बोट ठेवता येत नाही.’ पुण्या-बंगळुरूकडे एम्बेडेड क्षेत्रात काम करणाऱ्या वाचकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. त्याला जोडूनच दुसरा येतो: ‘हार्डवेअर हाताशी नाही, डेटाशीट मिळत नाही, मग मी मत देणं योग्य आहे का?’ दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, योग्य आहे. वाय-फाय ड्रायव्हरमधले सर्वांत घातक दोष चिपबद्दलच्या अज्ञानातून येत नाहीत. मेमरी, लांबी आणि वेळ यांच्या हिशेबात ते राहून जातात, आणि तो हिशेब कोड वाचून लागतो.

हा लेख लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरबद्दल आहे. त्यातलं एक सूत्र धरून ठेवा: पॅच ज्या क्रमाने समोर येतो त्या क्रमाने वाचू नका. वाय-फाय ड्रायव्हर हा असा कोड आहे, की पासवर्ड नसलेली, नेटवर्कला न जोडलेली, नुसती रेडिओच्या टप्प्यात उभी असलेली व्यक्तीसुद्धा त्याला हवे ते बाइट वाचायला लावू शकते. म्हणून माहिती आत कुठून येते तिथून वाचायला लागा आणि मेमरी शेवटी कोण सोडतं तिथे थांबा. उरलेला पॅच त्यानंतर.

आधी ड्रायव्हरचा प्रकार ठरवा

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता दिलेले शेरे बरेचदा चुकीच्या ठिकाणी लागतात.

- सॉफ्टमॅक: ८०२.११ चा बराचसा व्यवहार, म्हणजे ऑथेंटिकेशन, असोसिएशन, फ्रेमची जुळणी वगैरे, कर्नलमधला मॅक८०२११ हा सामायिक स्तर करतो. हा स्तर २००७ साली २.६.२२ आवृत्तीत आला. एटीएच९के, एमटी७६, आरटीडब्ल्यू८८ हे ड्रायव्हर या गटातले. इथे तुम्हाला प्रामुख्याने मॅक८०२११ च्या कॉलबॅकचे नियम पाळले आहेत का ते पाहायचं असतं.
- फुलमॅक: तेच काम चिपमधलं फर्मवेअर करतं आणि ड्रायव्हर थेट सीएफजी८०२११ या कर्नलमधल्या कॉन्फिगरेशनच्या स्तराशी बोलतो. ब्रॉडकॉमच्या चिपसाठीचा बीआरसीएमएफमॅक हे ठळक उदाहरण. इथे फर्मवेअरकडून येणारे इव्हेंट आणि त्यांतल्या लांब्या हा तपासणीचा गाभा.

तिसरा प्रकार म्हणजे उत्पादकाने स्वतःचा संपूर्ण ८०२.११ स्टॅक सोबत आणलेला कोड. असा हजारो ओळींचा गठ्ठा समोर आला तर ओळीओळीने वाचत बसू नका. ‘हे काम मॅक८०२११ आधीच करतो, मग पुन्हा का लिहिलं?’ हा एकच प्रश्न आधी विचारा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढची मेहनत वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

यंत्राचं काम यंत्राला द्या

शैलीच्या चुका डोळ्यांनी शोधण्यात तुमचा वेळ घालवू नका. वाचायला बसण्यापूर्वी एवढं चालवा:

1. चेकपॅच. त्याची प्रत्येक तक्रार आज्ञा मानू नका. वाचनीयता बिघडत असेल तर ती सोडून द्या.
2. डब्ल्यू=१ लावून बिल्ड, शक्य असेल तर ३२ आणि ६४ बिट दोन्हींसाठी.
3. स्पार्स. वाय-फायमध्ये याचं मोल फार आहे. ८०२.११ च्या हेडरमधली फील्ड लिटल-एंडियन असतात आणि त्याच फ्रेमच्या पोटातलं आयपी हेडर बिग-एंडियन. एकाच फंक्शनमध्ये दोन्ही हाताळताना गोंधळ होतो. इंटेलच्या संगणकावर लिटल-एंडियनचं रूपांतर विसरलं तरी सगळं सुरळीत चालतं; जुन्या बिग-एंडियन मिप्स राउटरवर मात्र तोच ड्रायव्हर मुका होतो. स्पार्स ही चूक हार्डवेअर नसताना दाखवतो.
4. स्मॅच आणि कॉक्सिनेल, जमल्यास.

लेखकाने यातलं काहीच चालवलेलं नाही असं दिसलं, तर पॅच परत पाठवायला संकोचू नका.

हवेतून आलेली कोणतीही संख्या खरी मानू नका

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्या. पॅचमध्ये फ्रेम स्वीकारणारं फंक्शन शोधा आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संख्येखाली पेन्सिलने रेघ मारा. त्यात फ्रेमची लांबी, इन्फर्मेशन एलिमेंटची लांबी, स्टेशनचा क्रमांक, क्यूचा क्रमांक, रेट इंडेक्स हे सगळं आलं. मग प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा: ही किमान किती असायला हवी? ही कमाल किती असू शकते?

पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात. दुसरा राहतो. २०१९ साली रिअलटेकच्या आरटीएलवायफाय ड्रायव्हरमध्ये सापडलेला दोष, सीव्हीई-२०१९-१७६६६, याचा धडाच आहे. वाय-फाय डायरेक्टमध्ये एक उपकरण दुसऱ्याला ‘मी अमुक वेळ गैरहजर असेन’ असं कळवतं. या सूचनेत दोन बाइटनंतर तेरा-तेरा बाइटच्या नोंदी असतात: एक बाइट संख्या, आणि चार-चार बाइटचे कालावधी, अंतर व आरंभवेळ. ड्रायव्हरने लांबीला तेराने भागून बाकी दोन उरते का हे तपासलं होतं. म्हणजे आकार नीट आहे याची खात्री केली होती. पण नोंदी साठवायचे अ‍ॅरे दोनच जागांचे होते आणि नोंदी दोनपेक्षा जास्त नाहीत ना, हे कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्याने नियमात बसणाऱ्या पण जास्त नोंदी पाठवल्या की कर्नलच्या मेमरीवर लिहिलं जाई. दुरुस्तीचा गाभा एका तुलनेचा: संख्या कमाल मर्यादेपेक्षा मोठी असेल तर ती मर्यादेवर आणा.

आकाराची तपासणी दिसली की वाचणाऱ्याचं मन निश्चिंत होतं. तिथेच थांबू नका. ज्यात लिहिलं जातं तो अ‍ॅरे किती मोठा आहे, हे हेडर फाइल उघडून पाहा.

या भागात नेहमी सापडणाऱ्या जागा:

- वजाबाकी. ‘एकूण लांबी उणे हेडरची लांबी’ हे गणित बिनचिन्ह संख्येत असेल आणि फ्रेम हेडरपेक्षा लहान आली, तर उत्तर ऋण न होता चारशे कोटींच्या घरात जातं. मॅनेजमेंट फ्रेमचं हेडर २४ बाइटचं असतं. बीकनमध्ये त्यापुढे आणखी १२ बाइट ठरलेले असतात. वजाबाकीच्या आधी ही तपासणी आहे का?
- एलिमेंटची रांग. प्रत्येक एलिमेंट म्हणजे एक बाइट ओळख, एक बाइट लांबी आणि पुढे जास्तीत जास्त २५५ बाइट. लांबीचा बाइट वाचण्यापूर्वी तो बफरमध्ये आहे का, आणि वाचल्यावर तेवढे बाइट उरलेत का, अशा दोन तपासण्या लागतात. ही रांग हाताने फिरणारा लूप दिसला तर ‘कर्नलमधलं तयार मॅक्रो का वापरलं नाही?’ असं विचारा.
- डिस्क्रिप्टरमधली लांबी. चिपने सांगितलेली लांबी आपण दिलेल्या बफरपेक्षा मोठी नाही ना? चिप आपलीच असली तरी तिच्या फर्मवेअरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वाय-फाय फर्मवेअरमधला ब्रॉडपॉन हा दोष जाहीर झाला, तेव्हा चिप स्वतःच हल्लेखोराच्या हाती जाऊ शकते हे सिद्ध झालं.
- दोनदा वाचणं. चिपही लिहू शकते अशा मेमरीतून लांबी एकदा तपासायला आणि पुन्हा वापरायला वाचली असेल, तर मधल्या क्षणात ती बदलू शकते. ती एकदाच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेतली पाहिजे.
- वॉर्न-ऑन. बाहेरच्या फ्रेममुळे उडू शकेल असा वॉर्न-ऑन चालू देऊ नका. काही यंत्रणांवर इशारा येताच कर्नल थांबवण्याची सेटिंग असते. तिथे एक वाकडी फ्रेम यंत्र बंद पाडेल.

सामायिक स्तरावर भिस्त ठेवून हा भाग सोडू नका. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मॅक८०२११ आणि सीएफजी८०२११ यांतच फ्रेम वाचताना होणारे पाच दोष उघड झाले होते. त्या कोडवर तर सर्वाधिक लोकांची नजर असते.

बफर आत्ता कुणाच्या ताब्यात आहे?

डीएमएच्या प्रत्येक बफरचा मालक कोणत्याही क्षणी एकच असतो: सीपीयू किंवा चिप. वाचताना कागदाच्या कडेला प्रत्येक ओळीपुढे मालकाचं नाव लिहा. ‘सीपीयू’ असं लिहावं लागेल अशा ओळीपुढे ‘चिप’ आलं, की दोष सापडला.

मॅपिंगनंतर लगेच त्रुटीची तपासणी हवी. अनमॅप करताना आकार आणि दिशा मॅपिंगच्या वेळची तीच हवी. डिस्क्रिप्टरमधला मालकीचा बिट सर्वांत शेवटी लिहिला जावा, आणि त्याआधी बाकीची फील्ड मेमरीत पोहोचल्याची हमी देणारा बॅरियर असावा. डीएमए सिंक विसरलेला कोड लॅपटॉपवर वर्षानुवर्षं चालतो, कारण तिथे कॅशचा मेळ हार्डवेअर घालतं. स्वस्त एआरएम बोर्डावर तोच कोड अधूनमधून कुजका डेटा देतो. ‘माझ्याकडे चालतंय’ हे उत्तर म्हणूनच इथे पुरेसं नाही.

यूएसबी अडॅप्टरचा ड्रायव्हर असेल तर स्टॅकवरचा लोकल अ‍ॅरे थेट यूएसबी हस्तांतरणाला दिलाय का ते पाहा. तसं चालत नाही. बफर स्वतंत्र घ्यावा लागतो.

पाठवायच्या फ्रेमचीही एक खास जागा आहे. सॉफ्टमॅक ड्रायव्हरला ट्रान्समिट कॉलबॅकमध्ये फ्रेम टाकून द्यायची असेल, तर एरवीच्या नेटवर्क ड्रायव्हरसारखं सरळ मोकळं करणं बरोबर नाही. त्यासाठी मॅक८०२११ चं वेगळं फंक्शन आहे, कारण त्या फ्रेमचं काय झालं याची कुणीतरी वाट पाहत असू शकतं.

इथे थांबायची मुभा आहे का?

कोणता कॉलबॅक स्लीप करू शकतो आणि कोणता नाही, हे मॅक८०२११ च्या हेडर फाइलमध्येच लिहिलेलं आहे. ती फाइल उघडी ठेवूनच पॅच वाचा. ट्रान्समिट कॉलबॅकमध्ये म्यूटेक्स, जीएफपी-कर्नल प्रकारची मेमरी मागणी किंवा डिले दिसला तर तो दोष. एन्क्रिप्शन की बसवण्याच्या कॉलबॅकमध्ये मात्र थांबायला हरकत नाही.

यूएसबी ड्रायव्हर इथे हमखास फसतात. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालताना झोपलेल्या स्टेशनसाठी बीकनमधला टीआयएम बिट बदलायचा असतो आणि तो कॉलबॅक अटॉमिक असतो. पण यूएसबीवरून रजिस्टर लिहायला तर वाट पाहावी लागते. म्हणून ते काम वर्कक्यूकडे सोपवलेलं असलं पाहिजे. थेट लिहिलेलं दिसलं तर शेरा द्या.

आणखी दोन जागा. स्टेशन शोधणाऱ्या फंक्शनने दिलेला पॉइंटर आरसीयूच्या कक्षेबाहेर वापरलाय का? आणि फ्रेम वर पोहोचवणारी साधी व इंटरप्टमधून चालणारी अशी दोन्ही फंक्शनं एकाच हार्डवेअरसाठी मिसळली आहेत का? हे मिश्रण निषिद्ध आहे.

उभारणी आणि उलट क्रमाने मोडणी

प्रोब आणि रिमूव्ह ही फंक्शनं शेजारीशेजारी उघडा. एकीकडच्या पायऱ्या वरून खाली, दुसरीकडच्या खालून वर जुळल्या पाहिजेत. अपयशाच्या प्रत्येक वाटेने एकदा मनाने चालून या. तिसरी पायरी फसली तर पहिल्या दोन मोकळ्या होतात का, आणि न झालेली चौथी चुकून मोकळी केली जात नाही ना?

- नोंदणी सर्वांत शेवटी हवी. ती होताच नेटवर्क मॅनेजर इंटरफेस सुरू करायला मागेल. तोवर सगळं तयार नसेल तर पहिल्याच क्षणी अपघात.
- इंटरप्ट मागताना हँडलरला लागणारं सगळं आधी जागेवर हवं. सामायिक इंटरप्ट लगेच येऊ शकतो.
- काढताना आधी नोंदणी रद्द, मग इंटरप्ट बंद, मग टायमर आणि वर्क रद्द होऊन संपेपर्यंत थांबणं, आणि शेवटी रिंग मोकळी. स्वतःलाच पुन्हा रांगेत लावणाऱ्या वर्ककडे विशेष लक्ष द्या.
- फर्मवेअर पार्श्वभूमीवर मागवलं असेल आणि तेवढ्यात यूएसबी काढली, तर? कॉलबॅक येईल तेव्हा स्ट्रक्चर जिवंत असेल का?
- पीसीआय-एक्सप्रेस कार्ड नाहीसं झालं की रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट एक येतात. ‘हा बिट शून्य होईपर्यंत थांब’ असा लूप मग कधीच संपत नाही. प्रत्येक वाट पाहण्याला मर्यादा हवी.

एन्क्रिप्शन हार्डवेअर करत असेल तर

फ्रेम चिपने उलगडली, असं ड्रायव्हर मॅक८०२११ ला फ्लॅगने कळवतो. तो फ्लॅग बिनशर्त लावलाय की चिपच्या स्थितीवरून, ते पाहा. सीसीएमपी या एन्क्रिप्शन पद्धतीत जुनी फ्रेम पुन्हा पाठवण्याचा डाव पॅकेट क्रमांकावरून ओळखतात. ड्रायव्हरने फ्रेममधला तो क्रमांक असलेला भाग काढून टाकला आणि क्रमांक तपासल्याचा दावाही केला, तर ती तपासणी खरोखर कुठे होते, हे लेखकाला दाखवायला सांगा. ‘हार्डवेअर पाहतं’ एवढ्यावर समाधान मानू नका.

रेडिओचे कायदे कोडात मोडले जात नाहीत ना?

कोणत्या देशात कोणत्या चॅनेलवर किती शक्तीने प्रसारण करता येतं, याचा डेटाबेस कर्नल ४.१५ पासून थेट वाचतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचे विस्तृत पट्टे २०१८ साली परवानामुक्त झाले, तेही शक्तीच्या मर्यादेसह. पॅचमध्ये देशाचा कोड ठोकून बसवलेला असेल, मॉड्यूल पॅरामीटरने शक्ती वाढवायची सोय असेल, किंवा चिपला रडार ओळखता येत नसताना ती क्षमता जाहीर केली असेल, तर तिथे तडजोड करू नका. रडार असलेल्या चॅनेलवर बोलत राहणारा अ‍ॅक्सेस पॉइंट हवामान खात्याच्या यंत्रणेलाही त्रास देऊ शकतो.

हार्डवेअर नसताना काय करता येईल?

मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल लोड केलं की संगणकात दोन काल्पनिक रेडिओ तयार होतात. होस्टएपीडी आणि डब्ल्यूपीए-सप्लिकंट त्यावर चालवून सामायिक स्तर कोणता कॉलबॅक कधी बोलावतो, हे समजून घेता येतं. तुमच्या चिपचा ड्रायव्हर मात्र याने तपासला जात नाही, हे लक्षात असू द्या.

चाचणी लेखकाकडून मागून घेण्याचाही पर्याय आहे. केसॅन, लॉकडेप आणि डीएमए डीबग चालू असलेल्या कर्नलवर पुढचं करून लॉग पाठवायला सांगा: ट्रॅफिक चालू असताना मॉड्यूल काढणं, यूएसबी उपटणं, सस्पेंड-रिझ्यूम, फर्मवेअर मुद्दाम पाडून सावरणं. यातल्या कुठल्या चाचण्या झाल्या आणि कुठल्या नाहीत, हे पॅचच्या वर्णनात यायला हवं.

शेरा लिहिताना

‘हे चुकलंय’ असं लिहू नका. ‘लांबी २४ पेक्षा कमी आली तर या ओळीत अमुक होईल’ असं लिहा. लेखकाला घटनाक्रम दिला की वाद राहत नाही. अडवणारे मुद्दे आणि आवडीचे मुद्दे वेगळे करा. नाहीतर लेखक नावं बदलून देतो आणि लांबीची तपासणी तशीच राहते. पॅच एकाच वेळी दुरुस्ती, नामांतर आणि नवी सोय आणत असेल तर तो तोडून मागा. दुरुस्ती असेल तर दोष कोणत्या कमिटने आणला ते सांगणारी ‘फिक्सेस’ ओळ, हॅशच्या किमान पहिल्या बारा अक्षरांसह, असायला हवी.

तुमचे हक्क आणि मर्यादा

- तुम्ही फक्त एक भाग तपासू शकता. तसं स्पष्ट लिहा: ‘डीएमएचा भाग पाहिला, रेट कंट्रोल पाहिलेला नाही.’
- ‘रिव्ह्यूड-बाय’ ही ओळ तुम्ही दिल्याशिवाय दुसरं कुणी तुमच्या नावाने घालू शकत नाही. तुम्ही पॅच तपासला, शंकांचं समाधान झालं आणि तो घेण्याजोगा वाटतो, असं ते जाहीर विधान आहे. मॅनेजरने घाई केली म्हणून ते देऊ नका. नुसतं चालवून पाहिलं असेल तर ‘टेस्टेड-बाय’ द्या.
- समजलं नाही तर स्पष्टीकरण मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तुम्हाला कळला नाही तो कोड पाच वर्षांनी दुसऱ्यालाही कळणार नाही. तिथे टिप्पणी मागा.
- लेखकालाही कारण विचारण्याचा आणि तुमचा शेरा कारणासह नाकारण्याचा हक्क आहे.
- कंपनीशी गोपनीयतेचा करार असेल तर डेटाशीटमधला मजकूर उघड शेऱ्यात उतरवू नका. ‘हा बिट शेवटी लिहावा लागतो’ असं सांगायलाही परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या.
- तपासताना आधीपासून कर्नलमध्ये असलेला, हवेतून उडवता येईल असा दोष सापडला तर तो चारचौघांत लिहू नका. ड्रायव्हरचे मेंटेनर आणि कर्नलचा सुरक्षा गट यांना खासगीत कळवा. श्रेय तुमचंच राहतं.

दुसरी आवृत्ती आली की

सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायची गरज नाही, पण लेखकाच्या ‘सगळं दुरुस्त केलं’ या वाक्यावरही विसंबू नका. गिटच्या रेंज-डिफने दोन आवृत्त्यांतला फरक काढा आणि आपल्या शेऱ्यांच्या यादीशी ताडून पाहा. नव्याने घातलेल्या तपासणीमधून बाहेर पडणारी वाट खास पाहा. लांबी कमी आली म्हणून फंक्शन परत फिरतं खरं, पण बफर अनमॅप न करताच फिरतं, अशी जागा दुसऱ्या आवृत्तीत फार वेळा सापडते. तशी सापडली तर तेवढाच एक शेरा द्या आणि ‘रिव्ह्यूड-बाय’ तिसऱ्या आवृत्तीसाठी राखून ठेवा.